किलाबी, करीफिन, लेमनी: क्लेअरमधलं हे गाव नेमकं कुठलं?

कोरॉइटची_सून

नमस्कार मंडळी. प्रश्न माहेरचा नाही, सासरचा आहे, आणि सासर आयरिश आहे. मी अमरावतीची, गेली चौदा वर्षं मेलबर्नला. सासूबाई मूळच्या कोरॉइटच्या. व्हिक्टोरिया राज्याच्या नैर्ऋत्य टोकाला वॉर्नांबूलजवळ हे गाव आहे, बटाट्याच्या शेतांचं आणि आयरिश लोकांचं. त्यांना आता ८१ पूर्ण होतील. त्यांच्या पणजोबांचं आयर्लंडमधलं जन्मगाव शोधून देते, असं मी कबूल करून बसले. तेव्हा वाटलं होतं दोन रविवारचं काम. पाच महिने झाले.

पणजोबांचं नाव मायकल. आडनाव इथे टाकायचं नाही असं सासूबाईंनी बजावलंय. एवढंच सांगते की क्लेअर काउंटीत ते आपल्याकडच्या शिंदे-पवारांइतकं सर्रास आहे, त्यामुळे नुसत्या आडनावावरून माणूस सापडत नाही.

हाती असलेले कागद असे:

जहाजाची यादी, १८५७. जहाज लिव्हरपूलहून सुटलेलं. मायकल, वय २२, शेतमजूर, रोमन कॅथलिक, लिहिता-वाचता येत नाही. मूळ ठिकाण क्लेअर. पुढे काही नाही.

लग्नाचा दाखला, १८६३. जन्मठिकाण "किलाबी". सहीच्या जागी फुली.

थोरल्या मुलाचा (थॉमस) जन्मदाखला, १८६४. बापाचं जन्मठिकाण "करीफिन". स्पेलिंग चक्क आपल्या चिकन करीतल्या करीचं.

मधल्या मुलीचा दाखला, १८६९. इथे "एनिस".

मृत्यूचा दाखला, १८९८. इथे "क्वीन्सटाउन, कॉर्क". माहिती देणारा थोरला मुलगा. एक चांगलं म्हणजे व्हिक्टोरियाच्या मृत्यूच्या दाखल्यात आईबापांची नावं असतात: बाप थॉमस, आई होनोरा, आणि तिचं माहेरचं आडनावही आहे.

शेवटची वस्तू म्हणजे प्रार्थनेचं पुस्तक. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला कुणा नातवंडाच्या अक्षरात लिहिलंय: "आजोबा लेमनीचे." घरात चार पिढ्या सांगत आल्यात की पणजोबांच्या गावी लिंबाच्या बागा होत्या, म्हणून गावाचं नाव लेमनी. सासूबाईंच्या परसातलं लिंबाचं झाड त्या आठवणीपायीच लावलेलं आहे. मी संत्र्याच्या मुलखातली. क्लेअरचा पाऊस आणि थंडी बघता तिथे लिंबाचं झाड जगेल असं मला वाटत नाही. पण सुनेने हे बोलायचं कसं?

"किलाबी" शोधलं की यंत्र किलॅलो, किलमेली, किलनामोना अशी नावं पुढे करतं. तिन्ही क्लेअरमध्येच आहेत. मग हा माणूस पाच गावांत जन्मला का? कुठून सुरुवात करू?

गॅलवेकर

करीफिन म्हणजे कोरोफिन, डोळे झाकून! गॅलवे काउंटीत, तुआमजवळ. आमच्या ऑफिसातला एकजण तिथलाच आहे. त्यांचा गेलिक फुटबॉलचा क्लब २०१८, २०१९ आणि २०२० अशी लागोपाठ तीन वर्षं ऑल-आयर्लंड जिंकला, त्यामुळे रोज ऐकावं लागतं. क्लेअर ही शेजारचीच काउंटी, तेव्हा यादीत क्लेअर लिहिलं ती कारकुनाची चूक असणार. गॅलवेत शोधा.

डब्लिनवाली

ताई, मन मोडायचं नाहीये, पण १९२२ च्या जूनअखेर डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातला सरकारी दप्तरखाना जळाला, त्यात जुन्या जनगणना गेल्या. आज आख्खी म्हणावी अशी सगळ्यात जुनी जनगणना १९०१ ची. सरकारी जन्मनोंदणी १८६४ पासून. तुमचे पणजोबा १८३५ च्या आसपासचे, म्हणजे दोन्हींतून सुटले. त्यातल्या त्यात मृत्यूचा दाखला सरकारी आहे, तोच धरा. क्वीन्सटाउन म्हणजे आजचं कोव्ह. १८४९ मध्ये व्हिक्टोरिया राणी आली म्हणून ते नाव ठेवलं आणि स्वातंत्र्याच्या सुमारास पुन्हा कोव्ह झालं.

लेकीकडे_लिमरिकला

ताई, आधी माझी ओळख. भूमी अभिलेख खात्यातून भूमापक म्हणून निवृत्त झालो, सातारा जिल्हा. वर्षातले सहा महिने लिमरिकला लेकीकडे असतो, नातू सांभाळायला. नातू दुपारी दोन तास झोपतो. तेवढ्या वेळात इथले जुने मोजणीचे कागद बघायचा नाद लागलाय.

वरच्या दोघांचं चुकलंय असं म्हणत नाही, पण दोघांनी पुरावा उलट्या टोकाने धरलाय.

मृत्यूचा दाखला सरकारी खरा, पण मेलेला माणूस त्यात स्वतः काही सांगत नाही. सांगितलंय मुलाने. तो ऑस्ट्रेलियात जन्मला, आयर्लंड त्याने बघितलेलं नाही. क्वीन्सटाउन हे बोटीचं बंदर म्हणून घरोघर ऐकून माहीत होतं, ते त्याने सांगून टाकलं. आणि तुम्हीच लिहिलंय की जहाज लिव्हरपूलहून सुटलं. आमच्या खात्यात वारसनोंदीला जबाब घेताना पहिला प्रश्न हाच असायचा: तुम्हाला हे कुणी सांगितलं? त्या हिशोबाने सगळ्यात वजनदार कागद लग्नाचा. तिथे नवरदेव स्वतः उभा होता. त्याच्या तोंडून जे निघालं ते कारकुनाने कानाने टिपलं.

म्हणून "किलाबी" डोळ्यांनी वाचू नका, मोठ्याने म्हणा. लिहिणाऱ्याला ते गाव ठाऊक नव्हतं आणि सांगणाऱ्याला लिहिता येत नव्हतं, त्यामुळे स्पेलिंग तपासून दुरुस्त करणारा तिथे कोणीच नव्हता. शिवाय क्लेअरच्या खेड्यांत त्या काळी घरात आयरिश भाषा बोलायचे. खडकीचं किर्की आणि शीवचं सायन करणाऱ्यांचेच हे भाऊबंद, तेव्हा आपल्याला नवल वाटायला नको.

आता क्लेअरचा नकाशा घ्या. कोरोफिन क्लेअरमध्येही आहे! गॅलवेचं कोरोफिन खरं आहे आणि त्यांचा फुटबॉलही खरा, पण कारकुनाची चूक म्हणून एक कागद फेकून दिला की मग कुठलंही गाव बसवता येतं. क्लेअरच्या कोरोफिनपासून चारेक किलोमीटरवर किलनाबॉय आहे. सरकारी कागदांतच त्याची दोन रूपं चालतात, किलनाबॉय आणि किलिनाबॉय. शेवटच्या "बॉय"चा मुलाशी संबंध नाही, उलट मुलीशी आहे. मूळ आयरिश नावाचा अर्थ "बाओथच्या लेकीचं चर्च". किल म्हणजे चर्च, आणि नावाचं शेवटचं अक्षर आयरिशमध्ये "बुई"सारखं वाजतं. लेकीच्या शेजारी क्लेअरचे एक आजोबा राहतात. त्यांना कुंपणावरून तीनदा म्हणायला लावलं. मधलं "इनी" ते जवळजवळ गिळतात आणि शेवट बी आणि बुई यांच्या मधे कुठेतरी येतो. मी डोळे मिटून ऐकलं आणि वहीत लिहिलं, तर माझ्याही हातून "किलाबी"च्या जवळपासचंच काहीतरी उतरलं.

मग कोरोफिन हा जवळचा बाजार आणि एनिस हे काउंटीचं मुख्य शहर. पाच गावं नाहीत ताई, एकच गाव आहे, विचारणारा बदलला तसं उत्तर बदललं. मला लिमरिकमध्ये कुणी विचारलं तर मी "पुण्याजवळचा" म्हणतो. पुण्यात विचारलं तर साताऱ्याचा. साताऱ्यात विचारलं तर कोरेगाव तालुका. वाडीचं नाव फक्त सोयऱ्यांना सांगतो.

ती वाडी म्हणजे तुमची लेमनी.

इथे जमिनीचा सगळ्यात लहान तुकडा म्हणजे टाउनलँड. साठ हजारांच्या वर आहेत. नावात टाउन असलं तरी शहर नाही, बऱ्याचदा पाच-दहा घरं आणि एक शीव, आपल्या वाडीसारखं. १८२४ मध्ये ब्रिटिशांनी आख्ख्या आयर्लंडची मोजणी सुरू केली, मैलाला सहा इंच मापाने. आपल्याकडे इंदापूरची पहिली मोठी जमाबंदी मोजणी १८३० च्या दशकातली, म्हणजे दोन्हीकडे साखळ्या एकाच काळात ओढल्या गेल्या. इथे प्रत्येक टाउनलँडचं नाव इंग्रजीत कसं लिहायचं ते ठरवायला जॉन ओ'डोनोव्हन नावाचा पंडित गावोगाव जाऊन म्हाताऱ्यांना विचारत फिरला. त्यातून जे ठरलं ते नकाशावर छापलं. पण तुमचे मायकल त्यानंतर वीसेक वर्षांत बोटीत बसले. नकाशावरचं स्पेलिंग त्यांच्यापर्यंत कशाला पोचतंय! (आपलं बुद्रुक-खुर्द इथेही आहे हं. मोर म्हणजे बुद्रुक, बेग म्हणजे खुर्द. बॅलीमोर, बॅलीबेग. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी एकटाच हसलो.)

किलनाबॉयहून किल्फेनोराकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिठ्याला लेमनेह नावाचा पडका किल्ला आहे. स्पेलिंगमध्ये एल नंतर ई आणि ए दोन्ही, शेवटी ई-एच. ओ'ब्रायन घराण्याचा, पंधराव्या शतकातला बुरूज आणि त्याला चिकटून सतराव्या शतकातला वाडा, आता नुसत्या भिंती आणि खिडक्या. आजूबाजूच्या जमिनीचंही नाव तेच. मूळ आयरिश "लेम अन एख". अर्थ: घोड्याची उडी. लिंबाचा काही संबंध नाही. तिथून बरेनचा कातळ सुरू होतो, कोकणातल्या सड्यासारखा, फक्त जांभ्याच्या जागी राखाडी चुनखडी. तिथे लिंबू रुजणं कठीण आहे, हे तुमच्या सासूबाईंना कसं सांगायचं ते तुम्ही बघा.

आता पुढचं काम.

एक, ग्रिफिथचं मूल्यांकन. क्लेअरचं १८५५ चं आहे. हा इथला सातबारा समजा: नकाशावरचा क्रमांक, कसणाऱ्याचं नाव, त्याच्यावरच्या मालकाचं नाव, घर-जमीन-गोठा, क्षेत्र आणि आकारणी. क्षेत्र एकर, रूड, पर्चमध्ये. घाबरू नका, चार पर्च म्हणजे बरोबर एक गुंठा. क्लेअरच्या काउंटी ग्रंथालयाने सगळं उतरवून मोफत ठेवलंय. किलिनाबॉय पॅरिशमध्ये (पॅरिश म्हणजे अनेक टाउनलँड मिळून झालेला गट) लेमनेह उघडा आणि थॉमस आहे का बघा. नसला तर निराश होऊ नका, दुसऱ्याच्या झोपडीत राहणाऱ्या मजुराचं नाव त्यात येत नाही.

दोन, बाप्तिस्म्याचं रजिस्टर. डब्लिनच्या ताईंनी सांगितलेली आग खरी आहे, पण त्यात चर्च ऑफ आयर्लंडची, म्हणजे प्रॉटेस्टंटांची, बरीचशी रजिस्टरं गेली. कॅथलिक रजिस्टरं तिथे ठेवलेलीच नव्हती, ती आपापल्या चर्चमध्ये पाद्र्याच्या कपाटात होती. आता राष्ट्रीय ग्रंथालयाने पानांचे फोटो मोफत लावलेत. फक्त एक फसगत टाळा: महसुली पॅरिश आणि कॅथलिक पॅरिश यांची नावं नेहमी एक नसतात. किलनाबॉय शोधलंत तर हाती काही लागणार नाही. कोरोफिन उघडा.

वय २२ म्हणून १८३५ धरून बसू नका, दोन-तीन वर्षं अलीकडे-पलीकडे चाळा. होनोरा हे नाव नोरा, हॉनर, हनोरा कसंही लिहिलेलं असेल. आणि तुमच्याकडे थोरला मुलगा थॉमस आहे ना? इथे पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव द्यायची रीत होती. तेव्हा पणजोबांचा बाप थॉमस, हे मृत्यूच्या दाखल्यातलं मुलाचं विधान मात्र मी मान्य करतो. आजोबांचं नाव मुलाला चुकत नाही, तेच त्याचं स्वतःचं असतं.

गॅलवेकर

काका, हरलो. पण क्लेअरवाल्यांनी नावही आमचंच उचललं?

लेकीकडे_लिमरिकला

नाव कुणाचंच नाही. कोरा म्हणजे नदीतला बांध. जिथे जिथे बांध घातला तिथे तिथे कोरो-काहीतरी झालं. आपल्याकडे वडगावं किती आहेत?

डब्लिनवाली

कॅथलिक रजिस्टरांचं मला खरंच माहीत नव्हतं, माझ्या डोक्यात "सगळं जळालं" एवढंच होतं. धन्यवाद काका.

कोरॉइटची_सून

काका, तुमचं उत्तर मी बसमध्ये वाचलं आणि माझा थांबा चुकला.

तीन आठवड्यांनी लिहितेय. ग्रिफिथमध्ये लेमनेहला आमच्या आडनावाचं कुणीच नाही. एक दिवस अगदी खट्टू होऊन बसले. मग तुमचं ते मजुराच्या झोपडीचं वाक्य पुन्हा वाचलं आणि रजिस्टर उघडलं. अहो, ती पानं! कुठे शाई पसरलेली, कुठे कोपरा कुरतडलेला, आणि पाद्रीबुवांचं अक्षर आमच्या अमरावतीच्या डॉक्टरांना लाजवणारं. त्यांचा मोठा एल आणि मोठा एस सारखेच दिसतात. मी एका कागदावर त्यांची सगळी अक्षरं सुटी उतरवून बाराखडीच केली, मग वाचता यायला लागलं.

१८३३ ते १८३७ मध्ये आमच्या आडनावाचे तीन मायकल निघाले. तिघांपैकी दोघांचे बाप थॉमस! पण आईचं माहेरचं आडनाव एकाचंच जुळलं. १८३४ चा फेब्रुवारी. आईचं नाव "हॉनर". म्हणजे जहाजावर चढताना पणजोबांनी वय वर्षभर तरी कमी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, आमच्या घराण्यात ते चालतंच.

मग त्यांना मी घोड्याच्या उडीचं सांगितलं. हळूच, चहाबरोबर. त्या ऐकून घेतात, मान हलवतात. नंतर म्हणाल्या, ते पान मला दाखव. मी पडद्यावर मोठं करून दिलं. नोंदीच्या शेवटी ठिकाण लिहिलंय, पण नेमका त्यावर डाग आहे. "लेम" एवढं स्वच्छ वाचता येतं, पुढे आणखी एक अक्षर, एन किंवा यू, आणि मग तपकिरी ठिपका. त्या चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिल्या, आणि मला म्हणाल्या, "लेमन लिहिलंय, दिसत नाही का तुला?"

आता मी काय बोलू? काका, तुम्हाला कधी त्या बाजूला जाणं झालं तर किल्ल्याजवळच्या शेतांचा एखादा फोटो काढाल का? त्यांना कातळ दिसला म्हणजे बरं.

लेकीकडे_लिमरिकला

शनिवारी लेक गाडी काढतेय, नातवालाही नेतो. किल्ल्याला खाजगी शेताचं कुंपण आहे म्हणतात, रस्त्यावरून फोटो काढतो. त्या नोंदीतल्या साक्षीदारांची, म्हणजे बाप्तिस्म्याच्या धर्ममायबापांची, दोन नावं मला निरोपात कळवा. मायकलचा बाप मजूर असला तरी ते दोघे बहुधा शेजारीपाजारीच असणार, आणि त्यातलं एखादं आडनाव ग्रिफिथमध्ये लेमनेहला सापडलं तर घर कुठल्या बांधाला होतं ते नकाशावर दाखवतो.

लिंबाचं झाड दिसलं तर तेही कळवतो.